कन्सोलचं नाव किती चालतं? चार टीव्ही, नाशिक आणि एक प्रश्न

गंगापूररोडकर
मंडळी, कॉलेज रोडच्या आसपास चार टीव्हींचं छोटं गेमिंग झोन काढायचं घाटतंय. टीव्ही ४३ इंची, तासावर भाडं, शनिवार-रविवार गर्दी गृहीत. कन्सोल (टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र) अजून घेतलेले नाहीत.

एक सल्ला असा मिळतोय की चारही सोनीचे प्लेस्टेशन ५ घ्या, उगाच डोकं लावू नका. दुसरा असा की दोन प्लेस्टेशन, एक मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस आणि एक निन्टेन्डो स्विच ठेवा, म्हणजे बोर्डावर तीन नावं झळकतील. माझा कल दुसऱ्याकडे आहे. फुटबॉल, टेकन (मारामारीचा), कुस्ती हे खेळ एक्सबॉक्सवरही आहेत आणि सिरीज एस स्वस्त पडतो. मग निव्वळ नावापायी जास्त पैसे का ओतायचे? टीव्हीसमोर बसल्यावर खाली डबा कुठला आहे हे कोण बघतंय?

जाणकारांनी उजेड पाडावा. 'मोबाइलवर खेळा' छाप प्रतिसाद नकोत.

पंचवटी_एक्स्प्रेस
मोबाइलवर खेळा.

(हलके घ्या भाऊ. पण बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकीचा खेळ फुकट आहे आणि खिशातच असतं, हे विसरून धंद्याचं गणित मांडू नका.)

कॅसेटवाला
डबा कोणी बघत नाही हे खरं, पण दारात काय विचारतात ते ऐका. 'पीएस आहे का?' असंच विचारतात, म्हणजे प्लेस्टेशन. 'कन्सोल आहे का' असं विचारणारा गिऱ्हाईक नाशकात तरी विरळाच. टूथपेस्टला कोलगेट, फोटोकॉपीला झेरॉक्स, तशी गत. एक्सबॉक्ससमोर बसवलेलं पोरगंसुद्धा आईला फोनवर 'पीएस खेळतोय' असंच सांगणार.

हे नाव तोंडात बसलं ते पीएस २ मुळे. २००० साली आलेला हा कन्सोल जानेवारी २०१३ पर्यंत बनत होता. म्हणजे पीएस ३ बाजारात येऊन सहा वर्षं झाली तरी जुना चालूच होता. २००९ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत ९९ डॉलरवर आली. सोनीच्या हिशेबाने जगभर १६ कोटी विकले गेले. भारतासाठी म्हणून २००९ मध्ये हनुमानावरचा खास खेळही निघाला होता. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे हे नाव घरोघरी नेलं ते नकली डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवलेल्या पीएस २ ने आणि फुटपाथवरच्या डीव्हीड्यांनी. सोनीला त्यातून दमडी मिळाली नसेल, पण तोंडातला शब्द मिळाला.

आता उलटं उदाहरण. नव्वदीत घराघरांत 'व्हिडिओ गेम' होता. ६० पिनांची कॅसेट, आत मारिओ आणि कॉन्ट्रा, वर '९९९९९९९ गेम्स' असा कागद. चालली नाही की फुंकर मारायची. (फुंकरीने काही साफ होत नसे. कॅसेट काढून परत बसवताना पिना घासल्या जायच्या म्हणून चालायची. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पिना काळवंडायच्या. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसणं हा खरा इलाज.) तो सगळा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलच्या नकलांचा माल होता. मारिओ सगळ्यांना माहीत, निन्टेन्डो कोणालाच नाही. ब्रँडची एवढी मोठी फुकट जाहिरात आणि एवढी पूर्ण वाया गेलेली दुसरी दिसत नाही.

हिरवा_गोळा
कॅसेटवाले दादा, इतिहास छान, निष्कर्ष अर्धवट. नावावर सगळं चालत असतं तर पीएस २ नंतर पीएस ३ ला घाम का फुटला? २००६ मध्ये ४९९ आणि ५९९ डॉलरला काढला. त्यातला 'सेल' नावाचा प्रोसेसर इतका विचित्र की खेळ बनवणारे वैतागले. त्याच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर २००५ मध्ये, एक्सबॉक्स ३६० आला होता. शेवटी पीएस ३ पावणेनऊ कोटींच्या आसपास, ३६० साधारण ८.४ कोटी. १६ कोटींच्या गादीवर बसलेला राजा आणि दुसऱ्याच डावात उतरलेला गडी जवळपास बरोबरीत सुटले. नाव फक्त दार उघडून देतं, आत बसवून ठेवत नाही.

आणि एक्सबॉक्सचं एक मोठं काम कोणी मोजत नाही. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सच्या, ३६० च्या निवडक डिस्का आजच्या सिरीज एक्सवर चालतात. पीएस ५ वर पीएस ४ चे खेळ चालतात, पीएस ३ ची डिस्क चालत नाही. हातातला कंट्रोलरही तसाच. एक्सबॉक्स वनचा जुना कंट्रोलर सिरीजवर बिनतक्रार चालतो. पीएस ४ चा कंट्रोलर पीएस ५ वर फक्त पीएस ४ च्याच खेळांना चालतो. झोनवाल्याला हा थेट पैशांचा फरक आहे.

आयटीआय_सातपूर
३६० चं नाव निघालंच आहे तर लाल कड्याचंही निघू द्या, म्हणजे यंत्र मेलं की समोर पेटणाऱ्या लाल दिव्यांचं.

'बोर्डावरचे सोल्डरचे गोळे सुटायचे' असं सगळे सांगतात, ते पूर्ण बरोबर नाही. बिघाड चिपच्या पोटात होता. जीपीयूचा (चित्र काढणाऱ्या चिपचा) सिलिकॉनचा तुकडा ज्या पट्टीवर बसवलेला असतो, त्या दोघांमधले बारीक टेकू तडकायचे. गरम झालं की प्रसरण, बंद केलं की आकुंचन, आणि दोन्ही थरांचा वेग वेगळा. चालू-बंद, चालू-बंद करत महिन्यांनी टेकू तुटला की समोर तीन लाल पाकळ्या. टॉवेलात गुंडाळून चालू ठेवायचा 'घरगुती उपाय' होता, तो चार दिवस चालायचा. कारण उष्णतेने तडा तात्पुरता मिटायचा. रिबॉलिंगही (चिपखालचे सोल्डरचे गोळे बदलणं) त्याच जातीचं. गोळे नवे, तडा जुनाच.

पुढचं ब्रँडवाल्यांसाठी. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षं केली आणि त्यापायी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. लोक चिडले, पण पळाले नाहीत. बिघाड झाकला असता तर ३६० तिथेच संपला असता.

मिसळ_अधिक_पाव
नाशकात ब्रँडबद्दल कुणी कुणाला शिकवू नये. इथे पाटीवर नाव धड वाचता येत नाही अशा ठिकाणी सकाळी आठला रांग असते.

पंचवटी_एक्स्प्रेस
आला! तेविसाव्याऐवजी पाचव्याच प्रतिसादात मिसळ. प्रगती आहे.

शब्दपिसारा
मला यंत्रातलं कळत नाही, नावातलं कळतं. प्लेस्टेशन १, २, ३, ४, ५. बालवाडीतलं पोरही सांगेल नवा कुठला ते. आता एक्सबॉक्सचा क्रम लावा: एक्सबॉक्स, एक्सबॉक्स ३६०, एक्सबॉक्स वन, वन एस, वन एक्स, सिरीज एस, सिरीज एक्स. तिसरा आहे त्याचं नाव 'वन'. सप्टेंबर २०२० मध्ये सिरीज एक्सची आगाऊ नोंदणी सुरू झाली त्या दिवशी अमेझॉनवर जुन्याच वन एक्सच्या विक्रीचा क्रमांक झपकन वर गेला होता. नातवासाठी भेट घेणाऱ्या आजोबांचा यात काय दोष?

निन्टेन्डोनेही हाच मार खाल्लाय. वी १० कोटींवर विकला गेला, २०१२ मध्ये त्याच्या पुढच्याचं नाव ठेवलं 'वी यू'. जाहिरातीत दिसायचा तो हातातला पडद्याचा कंट्रोलर. लोकांना वाटलं जुन्या वीलाच जोडायची पाटी आहे. विक्री १.३६ कोटी. पुढच्याचं नाव 'स्विच', त्याच्या पुढच्याचं 'स्विच २'. अक्कल आली.

हिरवा_गोळा
नावांबद्दल शरणागती. 'वन एक्स' आणि 'सिरीज एक्स'चा बचाव देवही करू शकणार नाही.

देवळालीचा_लुइजी
स्विचचा विषय निघालाय म्हणून, आणि मूळ धागाकर्त्याने घाई करू नये म्हणून.

निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही. जे मिळतं ते सगळं बाहेरून आलेलं. मुंबईच्या बाजारातून आणा, ऑनलाइन घ्या, नाहीतर दुबईहून येणाऱ्याच्या बॅगेतून. वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. सुट्या भागांचंही तेच. तरीही घ्यायचाच असेल तर स्विच २ घेताना खोक्याची भाषा बघा. जपानात त्याचे दोन प्रकार विकले जातात. २०२५ मध्ये निघाले तेव्हा ४९,९८० येनचा फक्त जपानी भाषेचा आणि ६९,९८० येनचा बहुभाषी. स्वस्तातला 'जपान पीस' म्हणून जो गळ्यात मारतात तो पहिला. त्याची भाषा बदलता येत नाही आणि त्यावर जपानचंच खातं चालतं. दुकानातच चालू करून सेटिंगमध्ये भाषांची यादी उघडा. यादी नसली तर खोकं परत.

दुसरं, स्विच २ च्या काही कार्डांत खेळ नसतोच, फक्त किल्ली असते. खेळ नेटवरून उतरवावा लागतो. खोक्याच्या पुढच्या बाजूला खालच्या पट्टीत किल्लीचं चिन्ह असतं. तिसरं, नकली कार्ड घालू नका. स्विच २ ला ते कळलं की निन्टेन्डो त्या यंत्राची ऑनलाइन सेवाच बंद करते. सेकंडहॅन्ड स्विच २ घेताना म्हणून ई-शॉप (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान) उघडतं का ते आधी बघायचं.

एवढं सगळं करून झोनमध्ये स्विच चालेल का? मारिओ कार्टसाठी चालेल, चार जण एका पडद्यावर. पण जॉय-कॉन (स्विचसोबतचे छोटे कंट्रोलर) पोरांच्या हातात दिवसाला दहा तास टिकत नाही. प्रो कंट्रोलर घ्या.

गंगापूररोडकर
लुइजी, हे माहीतच नव्हतं. स्विच बहुतेक बाद.

पण एक्सबॉक्सबद्दल अजून समाधान नाही. हॅलो, फोर्झा हे त्यांचे खेळ इतरांकडे नाहीत, तेवढंच वेगळेपण झोनला मिळेल ना?

कॅसेटवाला
होतं, आता राहिलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने चार खेळ बाहेर सोडायचं जाहीर केलं. सी ऑफ थीव्ह्ज एप्रिल २०२४ मध्ये पीएस ५ वर आला, फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ मध्ये. ऑक्टोबर २०२५ मध्ये हॅलोचीही नवी आवृत्ती पीएस ५ साठी जाहीर झाली. एक्सबॉक्स ज्या खेळामुळे उभा राहिला, तोच खेळ समोरच्या दुकानात.

कारण साधं आहे. कन्सोलचा डबा हा प्रिंटरसारखा, कमाई शाईत. २०२१ मध्ये एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्यांनी साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्सच्या डब्यावर त्यांना कधीच नफा झालेला नाही. कमाई खेळांच्या विक्रीतल्या वाट्यातून. त्यात कॉल ऑफ ड्यूटी बनवणारं ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६,८७० कोटी डॉलरला घेतलं, व्यवहार ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरा झाला. एवढा पैसा ओतल्यावर कॉल ऑफ ड्यूटी फक्त आपल्याच डब्यावर विकायचा? पीएस ५ आठ कोटींच्या पुढे गेलेला असताना? २०१५ नंतर एक्सबॉक्सच्या विक्रीचे आकडे कंपनी सांगतच नाही, ह्यातच आलं सगळं.

हिरवा_गोळा
प्रकाशक म्हणून ते शहाणपणाचंच आहे. पण नोव्हेंबर २०२४ पासून 'हाही एक्सबॉक्स, तोही एक्सबॉक्स' म्हणत टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळ्यांवर शिक्का मारत सुटले, तेव्हा माझ्यासारख्यालाही वाटलं की बाबा, मग डबा कशाला घ्यायचा? स्वतःच्याच गिऱ्हाइकाला सांगणं की आमची वस्तू घेतली नाहीत तरी चालेल. वर ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पास अल्टिमेट हे त्यांचं मासिक सदस्यत्व अमेरिकेत १९.९९ वरून २९.९९ डॉलर. स्वस्ताई हाच ज्याचा ब्रँड, त्याने तीच मोडली.

ड्रीमकास्ट_अमर_रहे
सेगाचं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणून काढतो.

मेगाड्राइव्ह या कन्सोलनंतर सेगाने सेगा सीडी काढला, मग ३२एक्स. दोन्ही त्याच यंत्राला वरून-खालून लावायची ठिगळं. गिऱ्हाइकाने पैसे घातले आणि दोन्ही लवकरच वाऱ्यावर सोडली. मे १९९५ मध्ये अमेरिकेत सॅटर्न ३९९ डॉलरला अचानक आजच विक्रीला म्हणून जाहीर केला, निवडक दुकानांतच. बाकीचे दुकानदार खवळले. त्याच प्रदर्शनात सोनीचा माणूस मंचावर आला आणि 'दोनशे नव्व्याण्णव' एवढाच आकडा उच्चारून खाली उतरला. ड्रीमकास्ट १९९९ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा यंत्र फर्स्टक्लास होतं, मोडेम आतच. पण तोवर लोक म्हणायला लागले होते, थांबू, पीएस २ येतोय. मार्च २००१ मध्ये उत्पादन बंद, विक्री ९० लाखांच्या आसपास.

यंत्र हरलं नाही, आधीच्या तीन वेळचा अविश्वास जिंकला. एक्सबॉक्सवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवावं.

शब्दपिसारा
अवांतर: फुटबॉलचा खेळ बनवणाऱ्या ईएने फिफाशी करार पुढे वाढवला नाही आणि २०२३ पासून खेळाचं नाव 'एफसी' झालं. नाशकात अजून कोणी 'एफसी लाव' म्हटल्याचं ऐकलंय का? 'फिफा लाव'च. फिफाने नाव राखलं, ईएने खेळ राखला, आणि गिऱ्हाइकाने दोघांचं मिळून आपलं जुनंच चालू ठेवलं. गंगापूररोडकर, दरपत्रकावर 'फिफा' लिहा.

मीटर_रीडर
ब्रँड राहू दे बाजूला. वीज बघितलीय का?

पीएस ५ जड खेळात २०० वॉटच्या आसपास ओढतो. ४३ इंची टीव्ही ८०-९०. एका जागेला २९० धरा. चार जागांचे ११६० वॉट, म्हणजे तासाला १.१६ युनिट, दहा तासांचे ११.६. वर दिवे, पंखे, राउटर. मीटर घरगुती चालणार नाही, व्यापारी दर लागेल, तो धरूनच तासाचं भाडं ठरवा.

ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. चार जागा, वर आठ माणसं. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, दीड टनाचा घ्या. पीएस ५ साठी ५ ते ३५ अंश ही मर्यादा कागदावर दिलेली आहे. नाशकात एप्रिल-मेमध्ये बाहेरच चाळिशी गाठते. 'थंड हवेचं शहर' ही जुनी जाहिरात विसरा.

वीज गेल्यावरचं: ६०० व्हीए-३६० वॉटचा यूपीएस एका जागेला एक. एका यूपीएसवर दोन जागा टाकल्या की बॅटरीवर जाताच तो धाप टाकून बंद. बॅकअप पाच मिनिटांचाच धरा, तेवढ्यात खेळ सेव्ह करून कन्सोल नीट बंद करायचा. काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर चौकोनी लहर देतात, त्यावर कन्सोलचा पॉवर सप्लाय कधी कधी रुसतो. विकत घेण्याआधी कन्सोल चालू ठेवून यूपीएसची वायर भिंतीतून उपसून बघा. रात्री कन्सोल रेस्ट मोडला सोडू नका, पूर्ण बंद करा.

आयटीआय_सातपूर
मीटर_रीडर यांना +१. वीज जाऊन डेटाबेस बिघडला आणि खेळ दिसेनासे झाले तर आधी घाबरून फॉरमॅट मारू नका. कन्सोल बंद करा, पॉवरचं बटण दाबून धरा, पहिल्या बीपनंतर साधारण सात सेकंदांनी दुसरी बीप आली की सोडा. सेफ मोड येईल. कंट्रोलर केबलने जोडून पीएसचं बटण दाबा. पाचव्या पर्यायात कॅशे पुसायची आणि डेटाबेस पुन्हा बांधायची सोय आहे. सेव्ह जात नाहीत.

झोनमध्ये मरतो तो कंट्रोलर, कन्सोल नव्हे. त्यात ब्रँडचा फारसा फरक नाही. डुअलसेन्स (पीएस ५ चा कंट्रोलर) काय, एक्सबॉक्स काय, अंगठ्याने हलवायच्या काडीखाली त्याच जातीचे छोटे पोटेन्शिओमीटर. कार्बनच्या पट्टीवर पत्रा घासतो, पट्टी झिजते, खेळाडू आपोआप डावीकडे चालायला लागतो. सेटिंगमधून 'डेड झोन' (काडी हलली तरी खेळ दुर्लक्ष करतो तो टप्पा) वाढवणं म्हणजे खोकल्यावर खडीसाखर. खरा उपाय मॉड्यूल बदलणं. एका काडीचे १४ पाय असतात. नुसत्या सोल्डरिंग गनने ओढायला गेलात तर बोर्डाची पट्टीच उचकटते. कमी तापमानाला वितळणारं सोल्डर आधी सगळ्या पायांवर मिसळा, मग उचला, भोकं तांब्याच्या विकने (सोल्डर शोषणारी जाळी) साफ करा, नवं बसवा. हॉल इफेक्ट किंवा टीएमआर हे चुंबकावर चालणारं मॉड्यूल टाकलं तर घासणारा भागच नसतो, पण नंतर मध्यबिंदू जुळवावा लागतो. डुअलसेन्ससाठी ते ब्राउझरमधून केबल लावून करता येतं. ते न करता कंट्रोलर दिला की गिऱ्हाईक म्हणणार 'नवीन रिमोटपण खराब'. (रिमोटच म्हणतात, कंट्रोलर नाही. शब्दपिसारांनी नोंद घ्यावी.)

चार जागांना आठ नव्हे, दहा कंट्रोलर घ्या. दोन कायम दुरुस्तीत असतात.

पीएस ५ मध्ये सेटिंगमध्ये ॲक्सेसरीजखाली संपर्काची पद्धत 'यूएसबी केबल' करा. नाहीतर दोन नंबरचा रिमोट तीन नंबरच्या कन्सोलला जागा करतो आणि भांडणं होतात. केबल ओढली जाऊन कंट्रोलरचं भोक सैल होतं, म्हणून केबलचं एक वेटोळं टेबलाच्या पायाला बांधा. ओढ पायाला बसली पाहिजे.

धुळीचं: पीएस ५ च्या बाजूच्या पांढऱ्या पाट्या स्क्रूशिवाय निघतात. आत धूळ साठायची दोन भोकं मुद्दाम दिलेली आहेत, तिथे व्हॅक्यूम लावा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं फिरू देऊ नका. त्यापुढे, प्रोसेसरपर्यंत, जाऊ नका. तिथे पेस्ट नाही, द्रवरूप धातू आहे. एक थेंब शेजारच्या भागांवर गेला की बोर्ड गेला.

हिरवा_गोळा
एक्सबॉक्सचा कंट्रोलर दोन पेन्सिल सेलवर चालतो. सेल मेला, बदलला, खेळ सुरू. केबल नाही, वेटोळं नाही. एवढं तरी मान्य करा.

आयटीआय_सातपूर
मान्य. चार्ज होणारे सेल घ्या पण, साधे घेतलेत तर महिन्याचा खर्च मीटर_रीडर काढून देतील.

मीटर_रीडर
नको, मला कामं आहेत.

डिस्क_फिरवा_क्लब
सगळे बोलले, डिस्कबद्दल कोणी बोललं नाही. सिरीज एसमध्ये डिस्क घालायची जागाच नाही. म्हणजे प्रत्येक खेळ डिजिटल, एकदा घेतला की विकता येत नाही. पीएस ५ चे सोनीचे स्वतःचे मोठे खेळ भारतात ४,९९९ रुपयांना येतात. डिस्क घेतली तर महिन्या-दोन महिन्यांनी फिरवता येते आणि शहरात घेणारा मिळतो, कारण सगळ्यांकडे पीएसच आहे. ब्रँडची ताकद म्हणतात ती ही. फुटबॉलची डिस्क मात्र सप्टेंबरच्या आत काढा. नवी आवृत्ती आली की जुनीला कोणी हात लावत नाही.

साध्या सिरीज एसमध्ये ५१२ जीबी, त्यातले हाताला ३६४ लागतात. जागा वाढवायची तर त्यांचंच खास कार्ड. पीएस ५ मध्ये बाजारातली एम.२ एसएसडी (खेळ साठवायची पट्टी) चालते. चौथ्या पिढीची, वाचायचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, हीटसिंकसकट उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत. हीटसिंकशिवाय लावू नका. वायर काढा, पाटी सरकवा, झाकणाचा एक स्क्रू, आतली गोल टेकूची चकती आपल्या लांबीच्या भोकात हलवा (बहुतेकदा २२८० मापाच्या), तिरकी घाला, दाबून स्क्रू मारा. चालू केल्यावर तोच फॉरमॅट विचारतो. चकती जुन्याच जागी विसरली की एसएसडी अधांतरी राहते, हा नेहमीचा घोळ.

आणखी एक. सिरीज एसची मेमरी १० जीबी. बाल्डर्स गेट ३ हा खेळ पीएस ५ वर सप्टेंबर २०२३ ला आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरात. सिरीज एसला पडदा दुभागून दोघांनी खेळायचं झेपेना, शेवटी त्यावर ती सोय न देताच काढला, ती आली थेट २०२५ मध्ये. झोनमध्ये दोघांनी शेजारी बसून खेळायचं हाच तर धंदा आहे.

शब्दपिसारा
एक नीरस मुद्दा. खात्यांच्या अटी वाचा. प्लेस्टेशन काय, एक्सबॉक्स काय, दोघांच्या अटींत वैयक्तिक, बिगर-व्यापारी वापर असंच लिहिलेलं आहे. एक सदस्यत्व दोन यंत्रांवर पसरवायच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर आहेत. त्या घरासाठी. दुकानात त्यावर धंदा उभा केलात आणि खातं बंद झालं तर त्या खात्यातले सगळे डिजिटल खेळ त्यासोबत अडकतात. डिस्क असेल तर निदान डिस्क हातात राहते. वकिलाला एकदा विचारा.

पंचवटी_एक्स्प्रेस
थोडक्यात मोबाइलवर खेळा.

गंगापूररोडकर
सगळ्यांचे आभार. पंचवटी_एक्स्प्रेस सोडून.

तीन पीएस ५ डिस्कवाले, चौथी जागा तूर्त रिकामी. तिथे काय बसवायचं ते पहिल्या दोन महिन्यांत दारात लोक काय विचारतात ते वहीत लिहून ठरवतो. बोर्डावर 'गेमिंग झोन' ऐवजी 'पीएस' असंच मोठ्या अक्षरात. कंट्रोलर आठ. तिघांना सहा, दोन राखीव. यूपीएस तीन. स्विच बाद. एक्सबॉक्स... हिरवा_गोळा, माफी.

एक शंका उरली. टीव्हीवर खेळताना बटण दाबल्यावर किंचित उशिरा हलतं अशी तक्रार बाकीच्या झोनमध्ये ऐकू येते. हा कन्सोलचा दोष का?

आयटीआय_सातपूर
टीव्हीचा. टीव्ही चित्र 'गुळगुळीत' करायला फ्रेम साठवून ठेवतो. ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. प्रक्रिया चालू राहिली तर ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात, म्हणजे तीन ते सहा फ्रेम. टेकनमध्ये तेवढ्यात मार बसलेला असतो आणि शिव्या सोनीला पडतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय भोकापुरता 'गेम मोड' चालू करा, मोशन स्मूदिंग बंद करा. काही टीव्हींत हे प्रत्येक भोकाला वेगळं करावं लागतं, म्हणून केबल कायम त्याच भोकात ठेवा आणि भोकावर रंगीत चिकटपट्टी लावा. पीएस ५ सोबत आलेलीच केबल वापरा. साफसफाईला कन्सोल पुढे ओढताना आधी केबल काढा, मग कन्सोल ओढा. उलटं केलं की एचडीएमआयचं भोक वाकतं, आणि दुरुस्तीला येणाऱ्या पीएस ५ मध्ये ते काम नेहमीचं आहे.

हिरवा_गोळा
माफी मंजूर. चौथ्या जागेच्या वहीत दहा जणांनी एक्सबॉक्स विचारला तर इथे येऊन सांगायचं, काय?